हुद्दारकाकांच्या सत्तावीस शिट्ट्या

माझी आणि शशिकांत हुद्दार यांची ओळख माझ्या कचऱ्यामुळे झाली.

जपानमधल्या सेंदाईत येऊन मला नऊ दिवस झाले होते. सकाळी सातला बेल वाजली. दार उघडलं तर पन्नाशीचे एक गृहस्थ उभे. डोक्यावर टोपी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि हातात माझी कचऱ्याची पिशवी.

"हा नूडल्सचा कप तुझा?" त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं.

परदेशात अचानक मराठी कानावर पडलं की ऊर भरून येतो म्हणतात. मी मात्र दार पुन्हा लावायच्या बेतात होतो.

"हो. माझाच."

"कप प्लास्टिकचा. झाकण कागदाचं. दोघं एका पिशवीत काय करतायत?"

"पण ही पिशवी माझी हे तुम्हाला कसं कळलं?"

"आत शेंगदाण्याच्या चटणीचं पाकीट आहे. या वस्तीत दुसरं कोण खाणार?"

मग चाळीस मिनिटं त्यांनी मला जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, काच, डबे आणि 'ज्याच्याबद्दल पालिकेला फोन करावा असा' कचरा समजावून सांगितला. मी वैजापूरचा. आमच्याकडे कचऱ्याचे दोनच प्रकार, घरातला आणि घराबाहेरचा. शेवटी त्यांनी हातमोजे काढले, घडी घातली, विचारलं, "नाश्ता झालाय का?" आणि मला घरी घेऊन गेले. शैलजाकाकूंशी माझी ओळख त्यांनी अशी करून दिली, "शैलजा, हा सारंग. पीएचडीला आलाय. झाकणं वेगळी करत नाही."

"करेल हो हळूहळू," काकू म्हणाल्या. "बस रे. पोहे खाणार ना?"

काका मूळचे चिंचवडचे. एकोणीस वर्षांपूर्वी इथल्या एका संशोधन संस्थेत लागले. तिथे धातूच्या कांड्या दोन्हीकडून ओढायच्या आणि त्या कधी तुटतात ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. घरी ते हेच काम माणसांवर करतात. सूचना वाचणं हा त्यांचा छंद. लिफ्टमधली, औषधाच्या डबीतली, अग्निशामक नळकांड्यावरची, एकही सुटत नाही. एकदा आम्ही ट्रेनने निघालो होतो. दाराजवळच्या सूचना वाचून पूर्ण होईनात, म्हणून ते एक स्टेशन पुढे गेले.

घरातही नियम. त्यातला सगळ्यात कडक म्हणजे कुकरचा. डाळभाताला तीन शिट्ट्या. काकूंनी कुकर चढवला की काका घरात कुठेही असोत, काहीही करत असोत, मनात मोजत असतात. एका रविवारी संस्थेच्या संचालकांचा फोन चालू होता. काका कमरेत वाकून 'हाय, हाय' करत होते. म्हणजे जपानीत हो, हो. तेवढ्यात आतून चौथी शिट्टी आली. काकांनी संचालकांना सोफ्यावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात धाव घेतली.

"शैलजा! चौथी!"

"अहो, हात पिठात होता."

"चौथीला भाताचा गाळ होतो. तीन म्हणजे तीन."

मुलगी चैत्राली तोक्योला शिकते. तिला मी एकदा विचारलं, घराची आठवण येते का? ती म्हणाली, "कुकर ऐकला की येते. पळावंसं वाटतं."

आता मुद्द्याचं. आमची वस्ती सेंदाईच्या पश्चिम टोकाला, जिथे बसचा मार्ग संपतो आणि डोंगर सुरू होतो तिथे आहे. या डोंगरावर सासा नावाचा बांबू माजलेला आहे. त्याला बुटका बांबू म्हणतात. ज्यांनी म्हटलं ते बहुतेक हत्तीवरून बघत असावेत. माझ्या डोक्यावर तो हातभर उंच आहे आणि इतका दाट की आत शिरलेल्या माणसाला स्वतःचे गुडघे दिसत नाहीत. जूनमध्ये त्यातून बोटाएवढे कोवळे कोंब फुटतात. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना या कोंबांचं वेड आहे. सकाळी करंडी घेऊन जायचं, एक कोंब खुडायचा, तेवढ्यात पुढे दुसरा दिसतो, त्याच्यापुढे तिसरा. मान खालीच. तासाभराने मान वर केली की चारी बाजूंना सारखाच बांबू, आणि आपण कुठून आलो हे आपल्याला ठाऊक नाही. त्यात भर म्हणजे हेच कोंब अस्वलांनाही आवडतात.

म्हणून वस्तीची एक शोधटोळी आहे. पोलीस आणि अग्निशमनवाले येतातच, पण पायवाटा माहीत असलेली माणसं वस्तीतली. प्रमुख सुगावारा-सान. वय सत्तर, टोफूचं दुकान, चेहराही तोच. पांढरा, चौकोनी, न हलणारा. या टोळीला हरवलेल्या माणसापेक्षा जास्त भीती कशाची असेल, तर शोधायला गेलेला माणूस हरवण्याची. मग एकाला शोधायचं सोडून दोघांना शोधावं लागतं. दुसऱ्याला शोधताना तिसरा जातो. शेजारच्या खोऱ्यात एका वर्षी पाच जण असे ओळीने हरवले होते आणि मूळचा माणूस दुपारी बसने घरी आला होता, असं सुगावारा-सान सांगतात. सांगताना हसत नाहीत.

हुद्दारकाका तीन वर्षांपूर्वी या टोळीत दाखल झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'शोधकार्यात घ्यावयाची दक्षता' नावाची एक्केचाळीस नियमांची वही तयार केली, मराठीत आणि जपानीत. पहिला नियम दोनदा अधोरेखित होता, 'शोधणाऱ्याने स्वतः हरवू नये.' सुगावारा-साननी ती वही दोन्ही हातांनी स्वीकारली, वाकून आभार मानले आणि काकांना फळ्यावर नेमलं.

फळा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी तंबूत ठेवलेला पांढरा बोर्ड. जंगलात कोण गेलं, किती वाजता गेलं, कधी परतलं, हे त्यावर लिहायचं. काकांचं अक्षर सुंदर आहे. तीन वर्षं त्यांनी इतरांची नावं त्या सुंदर अक्षरात लिहिली.

"सारंग," ते मला एकदा म्हणाले होते, "वही मी लिहिली. आणि आत जातो तो सातो, ज्याला डावं-उजवं कळत नाही."

"काका, फळासुद्धा महत्त्वाचा असतो."

"मग तू उभा राहा."

त्यांना एकदा ओळीत जायचं होतं. एवढंच. माझ्यासारखा सहा महिन्यांपूर्वी टोळीत आलेला पोरगा आठ नंबरला चालतो आणि आपण खडू, म्हणजे मार्कर धरून उभे, हे त्यांना लागायचं.

जूनच्या दुसऱ्या रविवारी दुपारी बाराला खांबावरचा भोंगा बोलू लागला. ओइकावा तोमि-सान, वय एक्याऐंशी, डोक्याला जांभळा रुमाल, पाठीला करंडी. पहाटे पाचला कोंब खुडायला गेल्या, नऊला परत येणार होत्या, अजून आलेल्या नाहीत.

एकपर्यंत आम्ही वनरस्त्याच्या शेवटच्या मोकळ्या जागेत जमलो. तंबू उभा राहिला. धुकं उतरायला लागलं होतं. पोलिसांचा एक तरुण शिपाई आला होता, बाकीचे वाटेत होते. अशा वेळी वस्तीतल्या घराघरांतून शोधणाऱ्यांसाठी भाताचे मुटके करून आणायची पद्धत आहे. शैलजाकाकू सात लिटरचा कुकर घेऊन आल्या.

"गार भात खाऊन माणसं काय शोधणार?" त्या म्हणाल्या. "गरम खिचडी टाकते. समाजगृहातली मोठी शेगडी मागितलीय."

तेवढ्यात कळलं की सात नंबरच्या सातो-सानची कंबर धरली. ओळ दहाची लागते. सुगावारा-साननी तंबूभर नजर फिरवली. काका मार्करचं टोपण लावून, ताठ उभे राहून, आपण कोणाच्या नजरेला पडतोय की नाही ते बघत होते.

"हुद्दार-सान," सुगावारा-सान म्हणाले, "आज ओळीत या. पण एक गोष्ट. ओळ सोडलीत तर पुन्हा फळा. कायमचा."

काका इतके खाली वाकले की हेल्मेट पडलं. ते उचलताना त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातला नवरा दिसत होता. मग एक आजी जंगलात आहेत हे आठवून त्यांनी चेहरा आवरला.

"अहो, गमबूट सैल आहेत तुमचे," काकू म्हणाल्या. "मोजे दोन घाला."

"नियम अकरा. एकच जाड मोजा."

"बरं. सांभाळून."

ओळीचं काम असं. दहा जण एका रांगेत, दोघांत दोन हातांचं अंतर. शिटी प्रत्येकाच्या गळ्यात. एक लांब शिटी म्हणजे थांबा. तीन म्हणजे माणूस सापडला, सगळे परत खाली. आणि दर दोन मिनिटांनी नंबर पुकारायचा. पहिला 'इची' म्हणणार, दुसरा 'नि', असं करत दहापर्यंत. सात म्हणजे 'नाना', आठ म्हणजे 'हाची'. दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, म्हणून आवाजावर विश्वास.

आम्ही आत शिरलो. दोन्ही हातांनी बांबू फाकवायचा, त्यात खांदा घालायचा, मग पाय. दहा पावलांना तीन मिनिटं. पानं ओली, कडा ब्लेडसारख्या. कमरेला अस्वलासाठी घंटा. ती किणकिण ऐकून अस्वल लांब जातं म्हणे. अस्वलाने हे कुठे वाचलंय याबद्दल मला शंका होती. पण डाव्या बाजूने काकांचा आवाज यायचा आणि बरं वाटायचं.

"रोकु!" सहावा ओरडायचा.

"नाना!" काका. संचलनात देतात तसा.

"हाची!" मी.

असं दोन तास चाललं. मग एकदा "रोकु!" आलं आणि पुढे काहीच नाही.

मी डावीकडे बघितलं. बांबू. मला वाटलं, काका चष्मा पुसत असतील. पण नंबर चुकला हे सुगावारा-सानना कळलं तर फळा, कायमचा. तीन वर्षं वाट बघितलेल्या माणसाचं असं व्हावं? विचार करायला एक सेकंद होता. आणि त्या सेकंदात वैजापूरचं अख्खं कॉलेज माझ्या मदतीला धावलं. तिथे मी चार जणांची हजेरी चार वेगळ्या आवाजांत लावायचो. पाटील सरांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

"नाना!" मी काकांच्या जड आवाजात ओरडलो. आणि माझ्या आवाजात, "हाची!"

"क्यू!" नववा पुढे चालू.

दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मी पुन्हा प्रॉक्सी मारली. मधल्या वेळात हळूच हाका मारत होतो, "काका, ओ काका!" प्रॉक्सीचं एक असतं. पहिली मारली की दुसरी मारावीच लागते, नाहीतर पहिलीचं काय उत्तर देणार? मी नऊ वेळा मारली. सातव्यांदा तर काकांचा आवाज काकांपेक्षा चांगला लागला.

दहाव्या वेळेआधी मात्र राहवलं नाही. ओळ मोडून मी डावीकडे घुसलो. काका नव्हते. चिखलात त्यांचा उजवा गमबूट उभा होता. सरळ, रिकामा, आणि आत थोडं पाणी.

मी एक लांब शिटी मारली. माझ्या तोंडातून शिटीपेक्षा थुंकीच जास्त निघाली.

सुगावारा-सान बांबू फाकवत आले. त्यांनी बूट बघितला. मग मला.

"हुद्दार-सान कुठे?"

"माहीत नाही."

"आत्ता दोन मिनिटांपूर्वी सात नंबर बोलला."

"तो मी होतो."

"आणि आठ?"

"तोही मीच."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

त्यांनी बूट उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "पन्नास वर्षं मी या डोंगरात माणसं हरवताना बघतोय. माणूस हरवल्यावर त्याचा नंबर चालू राहिला, असं पहिल्यांदाच."

मला रडू येणार होतं. चार वाजून गेले होते. धुकं इतकं की हात लांब केला तर बोटं परकी वाटावीत. सहापर्यंत जंगलात अंधार होणार, आणि रात्री थंडी. आता दोन माणसं आत होती, एक एक्याऐंशी वर्षांची आणि एक एका बुटातली. दुसरं माणूस माझ्यामुळे.

आणि नेमक्या त्याच वेळी खालून शिट्टी आली. एक. मग दुसरी. मग तिसरी.

"सापडले!" कोणीतरी ओरडलं. ओळीत एकच गलका झाला. सुगावारा-सानचा चेहरा, मी शपथेवर सांगतो, हलला. सगळे जण घसरत, पडत, बांबू मोडत खाली धावले. मीही धावलो. फक्त तिसऱ्या शिट्टीच्या शेवटी जो 'फुस्स' झाला होता तो मला ओळखीचा वाटत होता. पण ते बोलायची माझी छाती झाली नाही.

खाली काकू शेगडी बारीक करत होत्या.

"आलात? वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "तीन झाल्या. आत्ताच बंद करते."

नऊ चिखलाळलेली माणसं कुकरभोवती उभी राहून त्याच्याकडे बघू लागली. शिपायाने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. सुगावारा-सानचा चेहरा पुन्हा टोफू झाला.

"सारंग, काय झालं रे? आणि हे कुठेत?"

मी सगळं सांगितलं. प्रॉक्सीसकट. बूट पुढे केला. काकूंनी बूट घेतला, उपडा करून पाणी ओतलं, आणि तंबूच्या कडेला नीट ठेवला.

"मी म्हटलं होतं, सैल आहेत," त्या म्हणाल्या.

आवाज नेहमीचाच होता. पण त्या खिचडी वाढायला गेल्या तेव्हा पळी त्यांनी उलटी धरली होती. दांडा भातात, आणि ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

"काकू, मी पुन्हा आत जातो."

"तू गप बस. तू गेलास तर तिसरा शोधायचा." मग त्या थांबल्या. पळी सरळ केली. कुकरकडे बघितलं. "सारंग, या शिट्ट्या तुम्हाला वर ऐकू आल्या?"

"स्पष्ट."

"मग ह्यांनाही आल्या असणार. आणि तीनच झाल्या, म्हणून ऐकून सोडून दिल्या असणार." त्यांनी पदराऐवजी रेनकोटला हात पुसले. "त्या सुगावारा-सानना विचार, मला चौथी काढायची परवानगी आहे का."

काकूंचं जपानी बाजारापुरतं, म्हणून मी विचारलं. सुगावारा-सान म्हणाले, शिटी ही शोधकार्याची खूण आहे, विनाकारण वाजवता येत नाही. मी भाषांतर केलं.

"त्यांना सांग, ही शिटी नाही. हा कुकर आहे. एकोणीस वर्षांत चौथी शिट्टी झाली आणि हा माणूस धावत आला नाही, असं एकदाही झालेलं नाही. आजारी असताना आलेत. अंघोळ अर्धवट टाकून आलेत. कसे आले ते सांगू नकोस."

मी तेवढं सोडून सांगितलं. शिपाई पुढे झाला. त्याला नोंद करायची होती.

"उपकरणाचं नाव?"

"प्रेशर कुकर."

"उपयोग?"

काकूंनी मला विचारलं, तो काय म्हणतोय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवरा बोलवायला."

शिपायाने लिहिलं. सुगावारा-साननी घड्याळ बघितलं, डोंगर बघितला, आणि मान हलवली. खिचडी मोठ्या पातेल्यात काढली. कुकरात नुसतं पाणी भरलं, शेगडी मोठी केली. सगळे गोल करून उभे राहिले.

एक. दोन. तीन.

तिसरीनंतर काकूंचा हात सवयीने शेगडीकडे गेला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला.

चार.

धुक्यात तो आवाज पार वरपर्यंत गेला. पाच. सहा. दहा झाल्यावर पुन्हा पाणी घातलं. अकरा. बाराव्या वेळी वर कुठेतरी काड्या मोडल्यासारखं वाटलं. शिपाई म्हणाला, अस्वल. सगळे एक पाऊल मागे. काकू शेगडीपाशीच उभ्या राहिल्या. अठरा. वीस. सगळे मोजत होते. सुगावारा-सानसुद्धा. त्यांचे ओठ हलताना मी बघितले.

सव्विसावी झाली आणि बांबू थरथरला. सत्तावीसला तो फाटला आणि त्यातून हुद्दारकाका बाहेर पडले. हेल्मेट तिरकं, चष्म्याला एकच काच, उजव्या पायात मोजा, पाठीला कोंबांनी गच्च भरलेली करंडी.

"शैलजा! सत्तावीस!" ते ओरडले. "अगं काय चाललंय काय! गॅस्केट जाईल! बंद कर आधी!"

ते कोणाकडेही न बघता लंगडत थेट शेगडीपाशी गेले आणि त्यांनी बटण बंद केलं. मग झाकणाला कान लावला. मग मान वर केली, तर समोर अख्खी टोळी.

"आत काय आहे?" त्यांनी जरा हळू विचारलं.

"पाणी," काकू म्हणाल्या. आणि मग त्यांनी काकांच्या दंडावर एक जोरात चापट मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असावी, कारण काका नियम आठवत राहिले.

तेवढ्यात त्यांच्या मागून बांबू फाकवून जांभळ्या रुमालाच्या ओइकावा आजी आल्या. ताज्यातवान्या. त्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि सुगावारा-सानना म्हणाल्या, "हा परदेशी माणूस वर हरवला होता. मी घेऊन आले."

मग हळूहळू उलगडा झाला. ओळीत चालताना काकांना खाली गोळीचा एक कागद दिसला. वहीतला नियम चौदा असा, की काही दिसलं तर हात लावू नका, फीत बांधा, शिटी मारा. काकांना नियम चौदा पाठ होता. पण कागद होता प्लास्टिकचा, आणि त्याच्या शेजारी कागदी वेष्टण. दोघं एकत्र पडलेले. काकांनी वेगळे करून दोन खिशांत टाकले. तेवढ्यात पुढे दुसरा दिसला. त्याच्यापुढे तिसरा. मान खाली. आजी कोंबामागे गेल्या तशाच काका कचऱ्यामागे गेले. वाटेत बूट चिखलात राहिला आणि गळ्यातली शिटी बांबूला अडकून तुटली, तेही त्यांना कळलं नाही. आजींना खोकल्याच्या गोळ्या चघळायची सवय होती. पुढे त्या एका उताराच्या कडेला, धुकं निवळायची वाट बघत, करंडीवर बसलेल्या होत्या.

"मी हाक मारली," आजी म्हणाल्या, "तर हे म्हणाले, कागद तुमचे का? आणि मला पंधरा मिनिटं समजावलं."

म्हणजे शोधकार्यातला एकमेव धड पुरावा, आजींपर्यंत जाणारा अख्खा माग, काकांनी उचलून, वर्गवारी करून, खिशात घातला होता. त्यांच्यामागून कोणालाही त्या वाटेने जाणं शक्य नव्हतं.

बर्फाच्या भाराने बांबू बुडाशी उताराच्याच दिशेला वाकतो, हे आजींना माहीत होतं. त्यामुळे खाली कुठे हे त्यांना कळत होतं. पण तिथून दोन उतार फुटत होते, आणि धुक्यात वस्तीचा कोणता हे त्यांनाही सांगता येईना. चुकीच्या उताराला लागलं तर पलीकडचं खोरं आणि रात्र. काका शिट्टीच्या दिशेने निघाले. आजी त्यांचा पट्टा धरून मागे.

"पहिल्या तीन ऐकल्या नाहीत का?" मी विचारलं.

"ऐकल्या ना. तीन होत्या. बरोबर होत्या." काका म्हणाले. "मग चौथी झाली."

आजी सापडल्याचा आनंद काकांच्या तोंडावर होता तो सुगावारा-सान समोर येईपर्यंत. सुगावारा-साननी प्रॉक्सीबद्दल सांगितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. हरवल्याचं, बुटाचं, फुटक्या काचेचं त्यांना काही वाटलं नव्हतं. हे लागलं.

"मी नसताना माझा नंबर?"

"काका, तुम्हाला फळ्यावर पाठवतील म्हणून—"

"किती वेळा?"

"नऊ."

"नऊ खोट्या नोंदी!" त्यांनी डोळे मिटले. "आणि आवाज?"

"तुमच्यासारखा काढला."

ते पुढे दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. कचऱ्याची पिशवी मात्र रोज तपासत होते. चैत्रालीला काकूंनी सगळं मेसेज करून कळवलं. तिचं जपानीत एका शब्दाचं उत्तर आलं, 'याप्पारी'. म्हणजे, वाटलंच.

जुलैच्या बैठकीत टोळीचे निर्णय झाले. हुद्दार-सान फळ्यावर, कायमचे. मी त्यांच्या हाताखाली, डस्टर धरायला, दोन वर्षं. कुकर टोळीच्या साहित्याच्या यादीत, दोरखंड आणि स्ट्रेचर यांच्या मध्ये. आणि सात नंबरची जागा रिकामी होती, ती शैलजा-सानना. कारण सुगावारा-सानच्या म्हणण्याप्रमाणे, त्या दिवशी डोकं जागेवर असलेलं माणूस डोंगरावर एकही नव्हतं, खाली एकच होतं.

काकांनी टाळ्या वाजवल्या. घरी गेल्यावर काकूंचे गमबूट स्वतः घालून बघितले, सैल नाहीत ना म्हणून.

सप्टेंबरात सराव झाला. काकू हेल्मेट घालून ओळीत गेल्या. काकांनी फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं. इतक्या सावकाश आणि इतकं सुंदर, की मागे रांग लागली. सरावाचा नियम सोपा होता. माणूस सापडला की तीन शिट्ट्या, ती जुनी खूण. तिच्याशी घोळ नको म्हणून, सराव संपला हे सांगायला कुकरच्या चार. तीन वाजता कुकर चढवायचा, चौथी झाली की सगळे खाली.

काकांनी ठरल्या मिनिटाला शेगडी पेटवली. एक झाली. दोन झाल्या. तीन झाल्या.

काकांनी गॅस बंद केला.

"काका!" मी डस्टर टाकून ओरडलो. "अहो चार! चार ठरल्यात!"

"हो रे, हो." ते बटणाकडे बघत राहिले. "लावतो पुन्हा."

पुन्हा लावला. एक, दोन, तीन. पुन्हा हात गेला. त्यांना स्वतःलाही कळलं नाही. मी शेगडी हिसकावायला गेलो तर ते मध्ये उभे राहिले. वर नऊ माणसं तीन शिट्ट्या ऐकून, कोण सापडलं म्हणून एकमेकांना विचारत उभी होती. सराव असल्यामुळे हरवलेलं कोणी नव्हतंच, त्यामुळे कोणालाच काही समजेना. चाळीस मिनिटं गेली. शेवटी बांबू फाकला आणि सात नंबर एकटाच बाहेर आला. गालावर ओरखडा, हातात शिटी.

"अहो," काकू म्हणाल्या, "चौथी?"

"शैलजा, चौथीला गाळ होतो."

"आत पाणी आहे!"

काकांनी झाकणाकडे बघितलं. थोडा विचार केला.

"तरी," ते म्हणाले, आणि फळ्यावर जाऊन त्यांनी सुंदर अक्षरात काकूंच्या परतीची वेळ लिहिली.